उन्हाळ्याची सुट्टी, दोन पोरं आणि पुणं: अर्ध्या दिवसाच्या सहली कशा जमवायच्या

परीक्षा संपल्या की दुसऱ्या दिवसापासून घरात "आई मी आता काय करू" सुरू होतं, आणि आपल्या ऑफिसला काही सुट्टी नसते. आजोळी पाठवायचं तर आजी-आजोबा पण हल्ली आठवड्याच्या वर दोन पोरं झेपत नाहीत म्हणतात, समर कॅम्पची फी ऐकली की आपणच गप्प बसतो, मग हातात उरतात शनिवार-रविवार आणि मधल्या दिवसांच्या संध्याकाळी. तेवढ्यात भागतं, खरंच. हे सगळं साधारण तीन ते नऊ वयाच्या पोरांसाठी सांगतेय, मोठ्यांना यातलं निम्मं बोअर होईल.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका की एका वेळी एकच ठिकाण, आणि ते पण एकतर सकाळी दहा-साडेदहाला आटपणारं नाहीतर साडेपाचनंतरचं. "एवढं आलोच आहोत तर ते पण बघून घेऊ" हे वाक्य सहसा नवरे लोक म्हणतात आणि तिथूनच सहल बिघडते, एक पोरगं खांद्यावर झोपतं, दुसऱ्याला शू लागते, आणि पार्किंग कुठे केलंय ते कुणाला आठवत नाही. पोरांना अजून थोडं थांबायचं असतं तेव्हाच निघायचं. मग ती रस्ताभर "परत कधी यायचं" विचारत बसतात, आणि पुढच्या वेळी सहाला उठवताना भांडण होत नाही.

बॅगेचं एकदाच ठरवून ठेवा म्हणजे दर वेळी शोधाशोध नको. पाण्याची प्रत्येकाची वेगळी बाटली, टोप्या, एक जादा कपड्यांचा जोड, आणि एका डब्यात ओले करून पिळलेले दोन नॅपकिन फ्रीजमध्ये ठेवायचे ते निघताना उचलायचे, मानेवर ठेवले की पोरं एकदम शांत होतात. खायला दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, हे उन्हात खराब होत नाही. दहीभात न्यायचा असेल तर भातात दूध भरपूर आणि दही फक्त चमचाभर घालायचं, खायच्या वेळेपर्यंत तो बरोब्बर लागतो आणि आंबत नाही. कोरडी भेळ पण मस्त, चुरमुरे-फरसाण एकीकडे, कांदा-कैरी चिरून दुसऱ्या डब्यात, आणि कालवायचं काम पोरांना द्यायचं, सांडलं तर बाहेरच सांडतंय ना. चिप्सची पाकिटं नका नेऊ, खारट खाऊन पाणी संपतं आणि मग बाटल्या विकत घेत बसायचं.

आता सकाळची ठिकाणं. सिंहगडाला पोरांना घेऊन उन्हाळ्यात चालत चढायच्या फंदात पडू नका, सरळ गाडीने वर जा, पण सहा-सव्वासहाला घरून निघा, रविवारी तर त्याहून लवकर, कारण नंतर घाटात गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेत एसी बंद करून बसायला लागतं. वर गेल्यावर गड "बघायचा" असा हट्ट नको. देवटाक्याचं पाणी, तानाजी मालुसऱ्यांची समाधी, एवढं चालून झालं की मडक्यातलं दही, ताक, पिठलं-भाकरी. सकाळी आठला पिठलं-भाकरी खायची मजा पोरांना फार येते, घरी ती कोण देतंय त्या वेळेला. मे महिना असेल तर करवंदं घेऊन बसलेल्या मावशी दिसतील, पानाच्या द्रोणात देतात, तोंड चिकट होतं, आणि करवंद चोखून आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी हा खेळ माहीत नसेल तर तो पण शिकवा, उतरेपर्यंत गाडीत पुरतो. येताना खडकवासल्याला थांबलात तर कणीस खा आणि निघा. पाण्यात पाय पण बुडवू देऊ नका, धरणाचा तळ दिसत नाही आणि दर उन्हाळ्यात तिथे कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते.

गाडीने एवढं लांब नको असेल तर एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सच्या बाजूला आहे, तिकीट आहे, पण झाडं इतकी जुनी आणि दाट की ऊन चढल्यावर पण सावलीत चटई टाकून बसता येतं. तिथे खास काही "करायचं" नाही, हेच बरं आहे. जाडजूड वेली लोंबतात, पोरं त्यांच्याभोवती हिंडतात, आपण थर्मासमधला चहा पितो.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे पोरांना सांगायच्या आधी कॅलेंडर बघा. उघडायच्या वेळेलाच गेटवर पोचायचं, कारण ऊन चढलं की वाघ-सिंह सावलीत आडवे होतात आणि पोरं जाळीपाशी उभी राहून "तो उठत का नाही" विचारत बसतात. जागा प्रचंड मोठी आहे, बॅटरीवरच्या गाडीला रांग असली तरी लहान पोरं असतील तर तीच घ्या, किंवा मग चालतच जायचं तर सर्पोद्यान आणि अजून दोन प्राणी एवढंच आधी ठरवून घ्या. बाकीचे पुढच्या सुट्टीला.

पर्वती आमची सगळ्यात आवडती, आणि फुकट. एकशे तीन पायऱ्या आहेत, मोजत चढायचं, मधे आकडा चुकला की पोरंच भांडत मोजतात आणि वर कधी पोचली ते कळत नाही. संध्याकाळी सहानंतर वर वारा असतो, सगळं पुणं दिसतं, आपली सोसायटी कुठल्या दिशेला हे शोधायचं. दगड दिवसभर तापलेले असतात त्यामुळे वर देवळात चप्पल काढताना आधी आपला पाय टेकवून बघा. तसंच बागेतल्या घसरगुंडीचं, पत्र्याची असेल तर हाताची उलटी बाजू लावून बघायची, मगच पोराला बसवायचं.

उन्हाचंच जायचं झालं तर छत असलेली दोन ठिकाणं सांगते. बाजीराव रोडच्या बाजूचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पोरांना कंटाळवाणं वाटेल असं सगळे म्हणतात, मला नाही पटत, फक्त दालनं ओळीने बघत जायचं नाही. आत शिरायच्या आधी पोरांना शोधायला तीन गोष्टी द्या, प्राण्याच्या आकाराचा अडकित्ता, पाय घासायची वज्री, आणि मोर असलेला दिवा. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर असल्या घरातल्याच वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे संग्रहालय केलं. अडकित्ता कशासाठी असतो हे आमच्या धाकट्याला तिथेच कळलं, आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही. दुसरं म्हणजे कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय. छोट्याशा गावातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात, मधे अंधार करून दिवे लावतात. शोच्या वेळा ठरलेल्या असतात, फोन करून मगच जा, आणि शक्यतो शाळांच्या ग्रुपची वेळ टाळा.

आणि मेट्रो. मोठ्यांना ती ऑफिसला जायची गाडी, पोरांना ती सहलच असते, वर एसी. वनाझकडून बसलात तर डेक्कनच्या पुढे गाडी नदीपात्राच्या कडेने जाते, तिथे खिडकीपाशी उभं राहायचं. मग जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून भुयारातून मंडई. त्या स्टेशनचे सरकते जिने इतके खोल जातात की आमचा धाकटा दर वेळी विचारतो आता पाताळ आलं का. मंडईत उतरून आंबे, कैऱ्या, जाम, ताडगोळे जे दिसेल ते थोडं थोडं घ्या, आणि घेताना पोरांच्या हातात वीस-पन्नास रुपये देऊन एक वस्तू त्यांनाच घ्यायला लावा. मोठी आता "मावशी कमी करा ना" पण म्हणायला शिकलीय. ताडगोळे तिथल्या तिथे सोलून खायचे नसतील तर कोवळेच मागा, निबर झाले की पोरं थुंकतात.

आंब्याचं माझं स्पष्ट मत आहे, हापूसची पेटी पाहुण्यांसाठी, रसाला पायरी, आणि पोरांसाठी रायवळ. स्वस्त असतात, चोखून खायचे असतात, आणि त्यातच सगळी मजा. तासभर पाण्यात घालून ठेवा, संध्याकाळी गच्चीवर किंवा बाल्कनीत पोरांना जुन्या बनियनवर बसवा, पेपर पसरा, आणि आंबा हाताने माचून मऊ करून देठाकडचा चीक काढून टाकायला शिकवा, तो ओठाला लागला तर फोड येतात. मग कोपरापर्यंत रस ओघळू दे. शेवटी बादलीभर पाणी अंगावर, म्हणजे आंघोळ पण उरकली.

पन्हं घरात कायम असू द्या, म्हणजे बाहेरून आल्या आल्या कोल्ड्रिंक मागत नाहीत. दोन-तीन कैऱ्या उकडायच्या, गर जेवढी वाटी निघेल त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरीच्या आंबटपणावर बघायचं, मीठ, वेलची, बास. हा घट्ट गर काचेच्या बरणीत फ्रीजला ठेवायचा आणि लागेल तसे दोन-तीन चमचे गार पाण्यात. बाहेर प्यायचंच तर रसवंती, पण बिनबर्फाचा, आलं-लिंबू घालून आणि ऊस समोर पिळून घेतलेला. चरकाच्या घुंगरांचा आवाज लांबून आला की आमच्याकडे गाडीत आरडाओरडा सुरू होतो. लांबच्या प्रवासात कानिफनाथ नावाची रसवंतिगृहं मोजायचा खेळ खेळा, पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचा डोंगर आहे, त्या भागातल्या लोकांनी कुठे कुठे जाऊन चरक लावलेत ते मोजताना कळतं. गोळ्याचा बर्फ कुठून येतो ते बघितलं की तो द्यावासा वाटत नाही, त्यापेक्षा हाताने फिरवायचं छोटं यंत्र भांड्यांच्या दुकानात मिळतं, कोकम सरबत घालून घरीच करा.

सारसबाग आणि त्याला लागून पेशवे उद्यान हे संध्याकाळचं. तिथली फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी रेल्वे, १९५६ पासूनची आहे, आपल्यातले बरेच जण त्यात बसलेत, फक्त अधूनमधून दुरुस्तीला बंद असते म्हणून आधी चौकशी करा, नाहीतर गेटवर रडारड. पेडल मारून चालवायची खेळणी आहेत तिथे पोरांची सगळी एनर्जी संपते, हे आपल्यासाठी.

एक गोष्ट मात्र भर दुपारी बारा वाजताच करायची असते आणि तिला एक पैसा लागत नाही. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी सूर्य बरोब्बर डोक्यावर. पंधरा मिनिटं आधी गच्चीवर जा, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, जे सरळ उभं राहील ते ठेवा आणि सावली आत आत जाताना पोरांना खडूने खुणा करायला लावा. चपला घालूनच आणि डोक्यावर टोपी, पण शेवटच्या मिनिटाला टोपी काढायची, नाहीतर टोपीचीच सावली पडते. कोल्हापूरला हे मेच्या पहिल्या आठवड्यातच होतं, मुंबईला १५-१६ ला, नागपूरला २६ च्या सुमाराला, म्हणजे मामेभावाला फोन करून "आमची गेली, तुमची कधी जाणार" विचारता येतं. जुलैच्या शेवटाला परत येतो हा दिवस, पण तेव्हा ढग.

त्याच गच्चीवर रात्री झोपा. संध्याकाळी पाणी मारायचं, दोन तास जाऊ द्यायचे, मग गाद्या. नऊच्या सुमारास उत्तरेकडे वर सप्तर्षी दिसतात, त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, अजून पुढे चित्रा. एवढं दाखवलं तरी पोरं महिनाभर सगळ्यांना दाखवत सुटतात.

तब्येतीचं थोडक्यात. बराच वेळ शू झाली नाही, पोरगं मलूल झालं, खेळायचं सोडून मांडीवर येऊन पडलं, तर सहल तिथेच संपवा आणि सावलीत जाऊन घोट घोट पाणी द्या. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. उलट्या होत असतील किंवा अंग खूप तापलं असेल तर थेट डॉक्टर. आणि बंद गाडीत पोराला "दोन मिनिटं" पण ठेवायचं नाही, काच खाली असली तरी नाही.

काय करू नका ते पण सांगते. मेमधल्या शनिवारी महाबळेश्वर, कारण ट्रॅफिकमध्येच दिवस जातो. तीन वर्षांच्या पोराला घेऊन रात्री काजवे बघायला भंडारदरा, काजवे सुंदरच असतात पण पोरगं नऊला झोपतं आणि टॉर्च मारणाऱ्यांची गर्दी असते. पाचसहा वर्षं थांबा. आणि दिवसभर मॉल, त्यात उन्हाळा कुठे असतो?

शेवटची सहल जूनच्या तोंडावर, वह्या-पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, दुकानं उघडतात तेव्हा जा, गाडी घरीच ठेवा. यादी आपल्या हातात, पण वह्यांची लेबलं आणि कंपास पोरांनी निवडायचे, त्यात मधे बोलायचं नाही. खरेदी झाली की आंबा मस्तानी, दोघांत एक पुरते, ग्लास आणि चमचे जास्तीचे मागून घ्या. आणि कव्हरं त्याच रात्री घालून टाका सगळ्यांनी मिळून, ब्राऊन पेपरचा रोल एकदा माळ्यावर गेला की तो शाळेच्या आदल्या रात्री अकरालाच खाली येतो.