शब्दांच्या अर्थावर काम करायचंय? वही घ्या नि म्हापशाच्या बाजारात जा

भाषाशास्त्र शिकणारी मुलं अधूनमधून विचारतात, मॅडम, शब्दांच्या अर्थावर काम करायचंय, पुढेमागे पेपरात भाषेवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, आधी एक वही घे. डिग्री लागतेच, पण वही तिच्याही आधी.

एका पानावर एकच शब्द. तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य, बोलणाऱ्याचं वय-गाव-धंदा (नाव नको), ठिकाण, तारीख. अर्थ मात्र लगेच लिहू नका, निदान पंधरावीस वाक्यं जमू देत, कारण एकदा अर्थ लिहून टाकला की पुढचं प्रत्येक वाक्य आपण त्यातच कोंबायला लागतो.

हे मी चुकून शिकले. ‘सुशेगाद’वर लेख लिहिला होता, हातात फक्त ऑफिसातली वाक्यं, “त्या खात्यात सगळे सुशेगाद” अशी, म्हणजे काम न करणारे. लेख आला त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचा फोन, “बाय, दमून आलेल्या माणसाला आमची आई म्हणायची, सुशेगाद बस. ती काय त्याला आळशी म्हणायची?” मला फार लागलं ते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत, आणि तो त्या आईच्या तोंडी तसाच्या तसा होता. टुरिझमच्या जाहिरातीतला सुशेगाद आणखी तिसराच. आता त्या पानावर तीन रकाने आहेत.

गोव्यात बसून हे काम करायला मिळणं भाग्याचं आहे, दोन भाषा एकाच घरात नांदतात ना! मराठीत शितावरून भाताची परीक्षा, म्हणजे शीत एक दाणा, कोकणीत शीत म्हणजे ताटातला सगळा भात. ‘उदक’ कोकणीत रोजचं प्यायचं पाणी, आणि मराठीत ते श्राद्धात नाहीतर दानावर सोडायपुरतं उरलं. याला अर्थसंकोच म्हणतात, पुस्तकात दोन ओळींत येतो, पण तो कळतो स्वयंपाकघरात.

मग कोश. मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दाल्गादोंचा १८९३चा कोकणी-पोर्तुगीज कोश, तिन्हीत तोच शब्द बघा आणि आपल्या वहीशी ताडून बघा. पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी १८३२पासूनची आहे, तिथे जुने पेपर काढून बसायची सवय लावा. शिक्षणासाठी गोवा विद्यापीठात मराठी-कोकणी आहे, नुसतं भाषाशास्त्र हवं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज, कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर डेक्कन कॉलेजातच शिकवायचे, आणि इतक्या खोल सिद्धांतात शिरलेला माणूस मराठी वाचकासाठी मराठीत लिहीत राहिला, ‘रुजुवात’ या पुस्तकाला २०१०चा साहित्य अकादमी मिळाला. मला वाटतं आपल्या कामाला हाच रस्ता बरा.

आता जाहीर भाषेवर लिहिणं, इथे घाई सगळ्यात जास्त नडते. ‘राजभाषा’ घ्या. सभेत, चॅनेलवर हा शब्द प्रत्येकजण आपापल्या अर्थाने वापरतो आणि भांडण पेटतं. लिहायच्या आधी गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याचा मजकूर समोर ठेवा: राजभाषा म्हणजे देवनागरी कोकणी, आणि मराठीही सर्व किंवा काही सरकारी कामांसाठी वापरायची तरतूद. कायद्यातला अर्थ हा, भाषणातला तो, घरातला आणखी वेगळा, असं तिन्ही नीट मांडा. तुमचं मत असेल तर ते शेवटी आणि वेगळं लिहा, अर्थाच्या नावाखाली खपवू नका. आणि कुणाच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणू नका प्लीज, माणूस एकदा गप्प झाला की वहीचं पान कोरंच राहतं.

पहिलं पान मी देते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ‘गावठी’ शब्द ऐकत फिरा. गावठी मिरची, गावठी तांदूळ, गावठी अंडी, विकणारी बाई हा शब्द मुद्दाम मोठ्याने म्हणते, भावही वर. मग बसस्टँडवर या, तिथे कॉलेजची पोरं कुणाच्या तरी कपड्यांना ‘काय गावठी’ म्हणत असतील. दोन्ही वाक्यं लिहा, खाली तारीख टाका, अर्थाची जागा मोकळी सोडा.