नेट संथ आहे म्हणजे नेमकं काय? नेटवर्कचे शब्द आणि आकडे कसे वाचायचे

‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीमागे पाच-सहा निरनिराळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. नेटवर्कचे शब्द पाठ करून हे उलगडत नाही. आधी वाट डोळ्यांसमोर आणायची: तुमचा फोन किंवा लॅपटॉप, मग राउटर, राउटरला बाहेरून येणारी लाइन, सेवा देणाऱ्या कंपनीचं नेटवर्क आणि शेवटी ज्या सर्व्हरवर वेबसाइट आहे तो. प्रत्येक शब्द यातल्या कुठल्यातरी एका टप्प्याचा असतो. म्हणून खालचे शब्द तपासणी करताना ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने घेतले आहेत.

डब्यावर नाव एक, आत कामं चार

घरात ज्याला सगळे ‘वायफायचा डबा’ म्हणतात त्यात बहुधा चार उपकरणं एकत्र असतात. बाहेरच्या लाइनचा सिग्नल आपल्या यंत्रांना समजेल असा करतो तो मोडेम. फायबरच्या जोडणीत हेच काम ओएनटी करतो. घरचं नेटवर्क आणि बाहेरचं नेटवर्क यांच्यात ये-जा करवतो तो राउटर. मागे केबल लावायची तीन-चार भोकं असतात तो स्विच. आणि अँटेनातून वायफाय देतो तो ॲक्सेस पॉइंट. तक्रार करताना हा फरक उपयोगी पडतो, कारण लॅपटॉप केबलने जोडल्यावर नेट नीट चालत असेल तर मोडेम, राउटर आणि लाइन तिन्ही सुटले; दोष ॲक्सेस पॉइंटच्या बाजूला आहे.

त्यामुळे पहिली पायरी नेहमी हीच: लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि मग मोजा. वायफायवर केलेली स्पीड टेस्ट लाइनबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

वेगाचा आकडा

प्लॅनवर लिहिलेला वेग मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे एमबीपीएसमध्ये असतो. फाइल उतरवताना संगणक जो वेग दाखवतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट येणार, आणि प्रत्येक पॅकेटवर (डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो त्यांवर) चढणारा पत्त्यांचा बोजा वजा केला की प्रत्यक्षात साडेअकराच्या आसपास. इंग्रजी अक्षरांत लिहिताना लहान ‘बी’ बिटसाठी आणि मोठा ‘बी’ बाइटसाठी असतो. ‘निम्माही वेग मिळत नाही’ अशा कित्येक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

बँडविड्थ म्हणजे लाइनची कमाल क्षमता, थ्रूपुट म्हणजे त्या क्षणी प्रत्यक्ष मिळालेला वेग. आणि एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: ९४. स्पीड टेस्ट पुन्हा पुन्हा ९४ च्या आसपास अडकत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर जोडणी गिगाबिट म्हणजे १,००० एमबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवर उतरली आहे. कारण सहसा केबल असते. केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नसेल तर जोडणी तुटत नाही, मुकाट्याने खालच्या वेगावर येते. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची चांगली केबल लावून पाहा. दोन्ही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेतात. केबल बदलूनही ९४ च राहिले तर राउटरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास आढळतं.

पिंग, जिटर, पॅकेट लॉस

व्हिडिओ कॉल अडखळतो तेव्हा दोष वेगाचा क्वचितच असतो. तिथे लेटन्सी म्हणजे उशीर पाहायचा. पॅकेट समोर जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, मिलिसेकंदात. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरचा पिंग १० मिलिसेकंदांच्या खाली येऊच शकत नाही, प्लॅन कितीही महाग घ्या. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहावरून नेट घेतलं तर हाच आकडा ५०० च्या वर जातो. आवाजी संभाषणासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. त्यापुढे दोघंही एकाच वेळी बोलू लागतात.

जिटर म्हणजे या उशिरातला चढउतार. सतत ८० मिलिसेकंद चालतात. २० वरून २०० आणि पुन्हा २० झालं की आवाज तुटतो. पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेट. फाइल उतरवताना ती पुन्हा मागवली जातात, त्यामुळे फक्त वेग घटतो. कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळ नसतो, तिथे शब्दच गळतात.

मोजायचं असं. कमांडची खिडकी उघडा, पिंग ही कमांड आणि पुढे राउटरचा पत्ता (उदा. १९२.१६८.१.१) लिहा, निदान शंभर पॅकेट जाऊ द्या. केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत आणि वायफायवर एक आकडी उत्तर यायला हवं. मग तेच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला करा. राउटरपर्यंतच गळती असेल तर दोष घरात. राउटरपर्यंत स्वच्छ आणि पुढे गळती असेल तर दोष लाइनचा किंवा कंपनीचा.

आता हीच चाचणी चालू असताना एखादी मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग १५ वरून ३००-४०० वर गेला तर त्या दुखण्याचं नाव बफरब्लोट. राउटर किंवा मोडेम पॅकेट टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत साठवत बसतो आणि तुमच्या कॉलची पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभी राहतात. एका फोनचे फोटो क्लाउडवर चढत असताना घरातल्या सगळ्यांचं नेट मरगळतं ते यामुळेच, आणि मोठा प्लॅन घेतल्याने हे हमखास जात नाही. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम ही रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग आपल्या ताब्यात येते. हा सौदा बहुतेक घरांत फायद्याचा ठरतो.

पत्ते: आयपी, गेटवे, डीएचसीपी, डीएनएस

प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. मॅक ॲड्रेस हा नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक. आजचे फोन खासगीपणासाठी दर वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे राउटरमध्ये मॅकवरून लावलेली बंदी निरुपयोगी ठरू शकते. दुसरी ओळख आयपी ॲड्रेस. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते खासगी, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कमध्ये चालणारे. सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्क किती मोठं ते ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असेल तर त्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते वापरता येतात. बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे, घरात तो राउटरच.

हे पत्ते वाटायचं काम डीएचसीपीचं. वाटप झालंच नाही तर संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. असा पत्ता दिसला की डीएनएस, ब्राउझर, अँटिव्हायरस यांच्या मागे लागू नका. यंत्र राउटरशी बोलूच शकलेलं नाही. केबल, वायफायचा पासवर्ड आणि राउटरमधला डीएचसीपी एवढंच तपासा.

डीएनएस वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देतो. ८.८.८.८ ला पिंग लागतो पण एकही वेबसाइट उघडत नाही, ही डीएनएस बिघडल्याची खूण. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरून पाहा. एक मात्र आहे: डीएनएस बदलल्याने डाउनलोडचा वेग वाढतो हा समज चुकीचा आहे. पान उघडायला लागणारा सुरुवातीचा क्षणभराचा वेळ कमी होऊ शकतो, इतकंच.

एका बाहेरच्या पत्त्यामागे घरची सगळी यंत्रं चालवतो तो नॅट. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४३० कोटीच पत्ते असल्याने आता कंपन्याही आपल्या बाजूला नॅट लावतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. घरचा कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने आतल्या ठरावीक यंत्राकडे पाठवणं) केलं आणि तरी चालत नाही, असं झालं की राउटरच्या पानावर वॅन आयपी म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर बहुधा तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. राउटरमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्टॅटिक म्हणजे न बदलणारा आयपी घ्या, आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरा किंवा कॅमेऱ्याच्या क्लाउड सेवेवर अवलंबून राहा.

नॅटचा दुसरा घोळ घरातच होतो. जुन्या राउटरला नवा राउटर जोडला की दोघंही पत्ते वाटू लागतात किंवा एकामागे एक दोन नॅट तयार होतात. नव्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदला, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅन म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पोर्टऐवजी लॅन म्हणजे घरच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, असं असेल तर एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार तपासा. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. युजरनेम-पासवर्ड लागणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ८ बाइट त्यातच खर्च होतात, म्हणून राउटरमध्ये १,४९२ असावं.

डेसिबल आणि सिग्नल

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये सांगतात आणि ती बहुधा उणे असते. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. ३ कमी झाले की ताकद निम्मी, १० कमी झाले की दहावा हिस्सा. म्हणजे उणे ७० हा उणे ५० चा शंभरावा भाग, ‘थोडा कमी’ नव्हे.

वायफायवर उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला जोडणी दिसते पण कामाची नसते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर आहे म्हणून ४ किंवा ८ निवडणं सर्वांत वाईट, कारण मग दोन्हींकडून गोंगाट येतो. आजूबाजूला फार नेटवर्क असतील तर २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि महत्त्वाची यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर न्या. वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो तेव्हा वेग साधारण निम्मा होतो. मागे केबल नेता येत असेल तर तिथे ॲक्सेस पॉइंट लावणं केव्हाही सरस.

फायबरमध्ये ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद दिसते. जीपॉन या घरगुती फायबरच्या प्रकारात उणे १५ ते उणे २५ समाधानकारक, उणे २७ च्या पलीकडे जोडणी तुटू लागते. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही. फायबर कुठे टोकदार दुमडली आहे का पाहा. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांनी तिरकं कापलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात पण मध्ये फट राहते आणि ताकद गळते. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश अदृश्य असतो.

मोबाइलवरच्या दांड्यांना सर्व फोनमध्ये सारखं माप नाही, म्हणून फोनच्या सेटिंगमधला सिग्नलचा आकडा पाहा. फोरजीत त्याला आरएसआरपी म्हणतात: उणे ८० चांगला, उणे ११० ला घरात धडपड. त्याच्या जोडीला एसआयएनआर म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण. २० च्या वर उत्तम, शून्याखाली वाईट. आरएसआरपी चांगला, एसआयएनआरही चांगला आणि तरी संध्याकाळी वेग नाही, तर टॉवरवर गर्दी आहे. खिडकीपाशी जाऊन फरक पडणार नाही. सिग्नल पूर्ण आणि डेटा मुळीच नाही, तर एपीएन हे डेटासाठीचं सेटिंग तपासा. कॉल लावताच फोन टूजी किंवा थ्रीजीवर उतरत असेल तर बहुधा व्होल्टे म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय बंद आहे.

तक्रार नोंदवताना

ट्रेसरूट ही कमांड वाटेतले टप्पे एकेक करून दाखवते. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे किंवा मोठा आकडा दिसला आणि पुढचे टप्पे ठीक असले, तर तो दोष नव्हे. अशा चौकशीला उत्तर देणं त्या राउटरच्या लेखी बिनमहत्त्वाचं काम असतं. आकडा वाढून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच त्या जागेबद्दल बोला. कंपनीला चार गोष्टी द्या: केबलवर मोजलेला वेग आणि वेळ, राउटरपर्यंतचा व बाहेरचा पिंग आणि गळतीची टक्केवारी, फायबर असेल तर आरएक्स पॉवर, आणि राउटर बंद-चालू केल्यावर काय बदललं ते. राउटर बंद करण्याआधी त्याचा लॉग म्हणजे घडामोडींची नोंद जतन करा. अनेक राउटरमध्ये वीज गेली की तो पुसला जातो.