बागेपाशी गाड्या मोजायला निघण्याआधी

पहिलं काम रस्त्यावर वही घेऊन उभं राहण्याचं नाही. आधी आराखडा वाचायचा, आणि तो घड्याळ समोर ठेवून वाचायचा. आपल्या हातात आहे ती बंदराच्या गावातली संस्थानकाळातली बाग. भोवती जांभ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, मधे हौद आणि मोडकळीला आलेली बंगली, मागच्या दारातून पुळणीकडे म्हणजे वाळूच्या किनाऱ्याकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. तिचा पुनर्विकास होणार आहे आणि त्याने येणारे-जाणारे किती वाढतील, गाड्या कुठे लागतील, हे आपल्याला सांगायचं आहे. तेव्हा आराखड्यातल्या प्रत्येक नव्या गोष्टीपुढे पेन्सिलीने दोनच नोंदी करा: यामुळे माणूस किती वेळ थांबेल, आणि कोणत्या वेळेला येईल. बाकांची दुरुस्ती, पायवाटा, नावांच्या पाट्या लावलेली झाडं यांनी फारसा फरक पडत नाही. उपाहारगृह आलं की मुक्काम लांबतो. आणि संगीत कारंजं आलं की सगळे एका वेळी येतात आणि एका वेळी निघतात. माझा सगळा भर याच दोन नोंदींवर आहे. लोक ‘गाड्या किती येतील’ एवढंच विचारत बसतात, आणि उत्तर चुकतं.

याचं साधं गणित पाठ करून ठेवा, सभेत उपयोगी पडतं. समजा, रविवारी संध्याकाळी तासाला ६० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी सरासरी एक तास थांबते. म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण ६० गाड्या उभ्या असतात. आता तेवढ्याच गाड्या आल्या, पण चहा-भजी आणि कारंजं यांच्यामुळे मुक्काम दोन तासांचा झाला, तर उभ्या गाड्या १२०. पाहुणा एकही वाढला नाही आणि जागा दुप्पट लागली. मी एका जुन्या कामाचा अहवाल पाहिला होता, त्यात ‘पर्यटकांत माफक वाढ अपेक्षित’ असं म्हणून पार्किंगही माफक वाढवलं होतं. मोजणी कधी केलेली? जुलैमधल्या एका मंगळवारी. कोकणात जुलैच्या मंगळवारी बागेत माळी असतो, आणि तोही पडवीत.

तेव्हा दिवस निवडणं ही तयारीतली सगळ्यात जोखमीची गोष्ट. किमान चार प्रकारचे दिवस घ्या: शाळा चालू असतानाचा साधा कामाचा दिवस, हिवाळ्यातला एखादा साधा रविवार, नाताळ ते ३१ डिसेंबरच्या आठवड्यातला एक, आणि मे महिन्यातला एक. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, त्यामुळे त्यातला एक दिवस सकाळपासून धरा. सहलीच्या एसट्या दहा-अकराला येतात, आणि कारवाल्यांची गर्दी चारनंतरची. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका. गणपतीचे दिवस मोहात पाडतात, कारण गाव चाकरमान्यांनी आणि रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. पण त्या गाड्या घराघराच्या अंगणात जाणाऱ्या असतात, बागेत नाही. रस्त्याची कोंडी बघायला तो दिवस उत्तम, पार्किंगची गरज ठरवायला निरुपयोगी.

आता आमच्या किनाऱ्याची खास अट. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि वारासोबत तिथी लिहा. हसू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी सूर्यास्ताला ओहोटी असते, पुळण लांबच लांब उघडी असते आणि माणसं तिकडे पांगतात. अष्टमीच्या रविवारी भरती भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, असली तरी आमची पुळण मुळात अरुंद. पाणी आत आलं की तीच माणसं पाखाडी चढून बागेत येतात, आणि ज्या गाड्या किनाऱ्यावरून हलल्या असत्या त्या हलत नाहीत. दोन लागोपाठचे रविवार मोजून आकडे जुळले नाहीत, तर मोजणाऱ्या पोरांना दोष देण्याआधी पंचांग उघडा.

मोजणी दोन ठिकाणी करायची. एक दारात, माणसांची. दुसरी रस्त्यावर, उभ्या गाड्यांची. दारातल्या मोजणीत नुसती डोकी मोजून भागत नाही. दर पाचव्या-सहाव्या कुटुंबाला थांबवून चार प्रश्न विचारा: कशाने आलात, किती जण, गाडी कुठे लावलीत, इथून पुढे कुठे. यातला शेवटचा प्रश्न लोक गाळतात आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. त्यातल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. घाटमाथ्यावरून या किल्ल्यांना निघालेली गाडी वाटेत तुमच्या बागेपाशी थांबते ती पाय मोकळे करायला, मुलांना खेळवायला, नारळपाणी प्यायला. त्यांचा मुक्काम अर्ध्या तासाचा. गावातल्या कुटुंबाचा दोन तासांचा, पण ते चालत किंवा स्कूटरवर येतात. या दोघांना एकच सरासरी लावली तर ती कुणाचीच राहत नाही. फेरीबोटीच्या वाटेवर गाव असेल, दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारख्या, तर गाड्या बोटीमागून बोट अशा घोळक्याने येतात, हेही वेळेच्या रकान्यात दिसलं पाहिजे. रेवस–रेडी सागरी मार्गावरच्या खाड्यांवर पूल होऊ घातलेत. ते झाले की हा घोळका मोडेल आणि गाड्या दिवसभर पसरून येतील, हे आजच अहवालात लिहून ठेवा.

रस्त्यावरची मोजणी पायांनी करायची. प्रत्येक माणसाला साधारण दोनशे मीटरचा तुकडा द्या, आणि दर अर्ध्या तासाला त्याने तो एकदा चालायचा. सुरुवात नेहमी त्याच वडापासून, उजव्या हाताने. रकान्यात नंबरप्लेटचा जिल्हा आणि शेवटचे चार आकडे. चारच्या फेरीत ३३१२ दिसली, साडेचारला दिसली, पाचला दिसली, साडेपाचला नाही: तिचा मुक्काम धरा दीड तास. एवढंच तंत्र, पण त्यातून मुक्काम, गाड्यांची फिरती (एका जागेवर दिवसात किती गाड्या लागून गेल्या), गर्दीचा शिखरतास सगळं निघतं. ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, १२ पुणे, केए २२ बेळगाव, हे एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या पॅडला टाचून द्या. सकाळच्या पहिल्या फेरीपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी असलेली ०८ किंवा ०७ ची स्कूटर बहुधा समोरच्या दुकानदाराची असते. तिला वेगळी खूण करा, नाहीतर बागेच्या नावावर फुकट पार्किंग चढतं. मोजणी झाली की पूर्ण चारच्या चार आकड्यांच्या याद्या कुठेही लावू नका. अहवालात बेरजाच जाव्यात.

चुकीच्या जागी लावलेल्या गाड्याही लिहा, आणि त्या कुठे लावल्या तेही. घराच्या बेड्यासमोर म्हणजे फाटकासमोर, गटाराच्या फरश्यांवर, पाखाडीच्या तोंडाशी, वळणावर. यासाठी पॅडवर रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा असू द्या, गुगलच्या नकाशावर गडगा आणि बेडा कळत नाही. लिहायला पेन्सिल. दमट हवेत कागद ओला होतो, शाई पसरते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजणी लांबलीच तर पॅडवर प्लॅस्टिकची पिशवी. एक लांब टेप, खडू, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकाकडे संस्थेचं ओळखपत्र. ओळखपत्राशिवाय नंबर टिपणाऱ्याला लोक वसुलीवाला समजतात.

रस्ता किती वाहतूक झेलतो, याचे तक्ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या, १९९० च्या मार्गदर्शिकेत आहेत. कारला एक एकक धरलं तर दुचाकीला वर्दळीतल्या तिच्या प्रमाणानुसार ०.५ ते ०.७५. तक्ता वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. दोन्ही बाजूंना गडगे असलेल्या पाच मीटरच्या आळीत एक मोठी गाडी वाकडी लागली की रस्ता एकेरी होतो, आणि मग समोरून एसटी आली तर तिच्या मागे पुढे कोणालातरी उतरून हात करावे लागतात. हे तक्त्यात येत नाही, म्हणून टेपने प्रत्यक्ष रुंदी मोजा, अगदी विजेच्या खांबापासून खांबापर्यंत. सहलीची बस अकरा-बारा मीटर लांब असते. ती वळेल कुठे, मुलं उतरतील कुठे, आणि मुलं आत असताना ती उभी राहील कुठे, ही तीन वेगळी उत्तरं हवीत. आराखड्यात बहुतेक वेळा एकच असतं.

जागेचा हिशेब गुंठ्यांत मांडा, गावाला तो लगेच कळतो. उघड्या तळावर एका कारला फिरायच्या वाटेसकट साधारण २३ चौरस मीटर लागतात. १०० गाड्या म्हणजे २३०० चौरस मीटर, पावणेतेवीस गुंठे. हे सभेत म्हटलं की पहिल्या रांगेतला कोणीतरी म्हणतो, ‘म्हणजे अर्धी बागच गेली की!’ बरोबर आहे, तेच दाखवायचं असतं. एका कारच्या जागेत चार-पाच दुचाक्या बसतात, तेव्हा दुचाकीची जागा दाराजवळ आणि कारची लांब ठेवा. लोक उलट करतात. अपंगांसाठीची जागा मात्र ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत, तिथे तडजोड नाही. तळ पूर्ण भरेल असं गृहीत धरू नका. ८५ टक्के भरला की रिकामी जागा शोधत गाड्या घिरट्या घालू लागतात, आणि त्या घिरट्या आळीतच होतात. ३१ डिसेंबरच्या गर्दीसाठी मात्र कायमचा तळ बांधू नका. त्या दोन-तीन दिवसांना शाळेचं मैदान आणि चार स्वयंसेवक पुरतात. शाळेशी आधी लेखी बोलून ठेवा, मैदानावर क्रिकेटचे सामने लागलेले असू शकतात.

जागा शोधताना कायद्याचे तीन कागद जवळ ठेवा. आवारात किंवा शेजारी केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किनारा नियमन क्षेत्र येतं, आणि आपली पाखाडी तर थेट पुळणीत उतरते. आणि झाडं: शहरी भागातल्या वृक्षांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं. जुन्या बागेत असं झाड नसेल तरच नवल. ते तोडलं नाही तरी त्याच्या सावलीत गाड्या लावायचा मोह असतो, कारण मे महिन्यात सावलीशिवाय कोणी गाडी लावत नाही. पण गाड्यांच्या वजनाने मुळांवरची माती दबते, पाणी मुरायचं थांबतं, आणि काही वर्षांनी वड वरून वाळायला लागतो. बुंध्यांचा घेर मोजा, फोटो काढा, नकाशावर फांद्यांचा विस्तार वर्तुळाने दाखवा. तळ काँक्रीटचा करू नका. मोकळ्या सांध्यांनी लावलेला जांभा, खाली खडी, कडेला चर. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी कुठून कुठे धावतं, ते एकदा छत्री घेऊन बघून या.

शेजारच्या घरांत मोजणीच्या आधी जा, नंतर नाही. त्यांच्याकडे असं काही कळतं जे रकान्यात मावत नाही. बेड्यासमोर गाडी लावून माणसं पुळणीत गेली आणि आजोबांना दवाखान्यात न्यायला रिक्षा आत येईना, अशा गोष्टी. मासळीवालीची टोपली सकाळी कुठे बसते, गॅसचा टेंपो कधी येतो, शिमग्याची पालखी कुठून जाते, हे विचारा. पालखीच्या वाटेवर कायमचं पार्किंग आखलंत तर आराखडा पहिल्या फाल्गुनातच रस्त्यावर रद्द होईल. कोपऱ्यावर मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तारखा मागून घ्या. लग्नाच्या संध्याकाळी बागेच्या गडग्याला लागलेल्या गाड्यांत बागेची एखादीच असते.

रिक्षा आणि वडापवाल्यांना, म्हणजे माणशी भाडं घेऊन नेणाऱ्या गाडीवाल्यांना, विसरू नका. एसटी स्टँडपासून बाग चालत किती, आणि त्या वाटेवर दुपारी सावली किती, हे घड्याळ लावून एकदा चाला. पंधरा मिनिटांच्या आत असेल तर अहवालात पहिली शिफारस पायवाटेची आणि दिव्यांची करा, तळाची नंतर.

बाग उघडल्यावर पहिले काही आठवडे मोजू नका, तेव्हा अख्खा तालुका बघायला येतो. नवलाई ओसरली की आधीच्या मोजणीशी जुळणारी तिथी असलेला रविवार पंचांगात शोधा, तीच माणसं घ्या, आणि फेरी त्याच वडापासून उजव्या हाताने सुरू करा.