वाढे संपायच्या आत नेपिअरची लागण उरका

साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बंद. तोपर्यंत तोडीच्या फडातून मोळ्या मिळत राहतात, त्यामुळे वैरणीची फिकीर वाटत नाही. एप्रिल उजाडला की हिरव्याचा पत्ता नसतो आणि कडब्याचे भाव ऐकवत नाहीत. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यातही थोडंफार पाणी टिकतं, त्यांनी फेब्रुवारीच्या मधल्या दिवसांत संकरित नेपिअर हे चाऱ्याचं गवत लावून टाकावं. या गवताला ऊब लागते. थंडीत लावलेली कांडी नुसती बसून राहते. थंडी ओसरली की डोळे भराभर फुटतात. १५ फेब्रुवारीच्या आसपास लागण झाली तर ६० ते ७० दिवसांनी, म्हणजे ऐन टंचाईच्या तोंडावर, पहिली कापणी मिळते.

एकरभर लावायची गरज नाही. हेक्टरी वर्षाला १५० टन उत्पादन धरलं, तरी १० गुंठ्यांतून १५ टन म्हणजे सरासरी दिवसाला ४० किलो हिरवी वैरण होते. दोन दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यातला नेपिअरचा वाटा त्यात आरामात निघतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढ जास्त, थंडीत कमी, हे मात्र धरून चाला.

वाणांत राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि यशवंत आपल्या भागात चांगले रुळले आहेत. कोइमतूरचा को-४ आणि धारवाडचा डीएचएन-६ हेही बरेच जण लावतात. हे गवत बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकरातून आलेलं आहे. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्ती गवताची २८, आणि या संकराची २१. विषम संख्येमुळे त्याला रुजणारं बी धरत नाही. म्हणून मोबाइलवर कोणी संकरित नेपिअरच्या बियांची पुडी विकत असेल, तर ती घेऊ नका. कांडी किंवा मुळांसकट ठोंबच लावायचा, तोही शक्यतो जवळच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत कापून आणलेला. मी एकदा लांबून पार्सलने कांड्या मागवल्या होत्या. पोतं उघडलं तेव्हा निम्म्या डोळ्यांत ओल उरली नव्हती.

बेणं तीन महिने वयाच्या धाटाचं घ्या. शेंड्याकडचा कोवळा तिसरा हिस्सा सोडून खालच्या भागाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या करा. सरीत ९० बाय ६० सेंमीवर तिरपी खोचा, एक डोळा मातीत आणि एक वर. एकरी साधारण ७,४०० कांड्या लागतात. आधी कुजलेलं शेणखत भरपूर घाला, कारण हे पीक तीन-चार वर्षं त्याच जागी राहणार आहे. लागणीबरोबर पाणी, चौथ्या दिवशी आंबवणी (दुसरं हलकं पाणी), नंतर जमीन बघून आठ-दहा दिवसांनी. तीन आठवड्यांत नांग्या भरून घ्या, म्हणजे न फुटलेल्या जागी नवी कांडी लावा. पाणी तुंबणारा तुकडा मात्र निवडू नका.

खरी चूक होते ती कापणीत. गवत डोक्याबरोबर आलं की माणूस हरखतो आणि ‘अजून आठ दिवस राहू दे’ म्हणतो. माझ्या पहिल्या वर्षी मी तेच केलं. विळा धाटावर कट्‌कन वाजायला लागला, चिरलेल्या धाटात पांढरा भुसभुशीत गाभा दिसला, आणि संध्याकाळी म्हशीने पाला ओरबाडून धाटं नाकाने बाजूला लोटली. सकाळी गव्हाणीतून पाटी भरून काढली. वजन वाढलं होतं, पण पोटात गेलं नव्हतं आणि दूधही घटलं. म्हणून पहिल्या कापणीनंतर दर ४० ते ४५ दिवसांनी कापा, थंडीत ५५-६० दिवस थांबा. जमिनीपासून पाऊण वीत खुंट ठेवा. फार खाली कापलं की फुटवे कमी येतात. प्रत्येक कापणीनंतर एकरी अर्धी गोणी युरिया आणि लगेच पाणी. कुट्टी करूनच घाला.

लवकर कापण्याचाही मोह आवरा. कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झॅलेट जास्त असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि जनावराला मिळू देत नाही. उसाच्या वाढ्यांतही हाच दोष आहे. वाढ्यांवरून थेट नेपिअरवर आलेली, नुकतीच व्यालेली गाय म्हणून जास्त जोखमीत असते. ती अचानक बसली, कान गार लागले, मान कुशीकडे वळली, तर वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. हिरव्या चाऱ्यात नेपिअर निम्म्याहून जास्त ठेवू नका. जोडीला लसूणघास, चवळी, दशरथ घास किंवा बांधावरची शेवरी द्या, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. शेवरी बहुतेकांच्या बांधावर असतेच, ती तोडून टाकू नका.

पावसाळ्यात गवत खाऊन उरेल. त्याचा मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला चारा) होतो, पण ताजं गवत पाण्याने भरलेलं असतं, तसंच दाबलं तर सडतं. उघडीप बघून कापा, दिवसभर सुकू द्या, थोडा गूळ पाण्यात कालवून शिंपडा आणि हवा राहणार नाही असं घट्ट दाबा. ४५ दिवसांनी काढता येतो.

कडेच्या दोन सऱ्या एप्रिलमध्ये न कापता राखून ठेवा. मृगाच्या पावसावर बांधाला लावायला बेणं घरचंच मिळेल.