स्पर्धेसाठी आरसी बग्गी घेताय? या चुका टाळा

आरसी बग्गी, म्हणजे रिमोटने चालणारी छोटी शर्यतीची गाडी, ताशी किती किलोमीटर पळते, हा प्रश्न शेवटी विचारा. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: ती कुठल्या मातीवर पळणार आणि शर्यतीत तिच्या शेजारी कुठल्या क्लासच्या (आकाराच्या आणि प्रकारच्या) गाड्या उभ्या राहणार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात या छंदात नव्याने येणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात. गाडी चांगलीच असते, पण आपल्या जमिनीची नसते.

खोक्यावरचा वेग पाहून गाडी ठरवणे

ट्रॅक्सस बँडिट, आरमा टायफॉन या रेडी-टू-रन (खोक्यातून काढून लगेच पळवता येणाऱ्या) गाड्या मोकळ्या मैदानात भरपूर आनंद देतात, मारही खातात. पहिली गाडी म्हणून त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या आपटायला बनवलेल्या आहेत. रेसिंग बग्गीत कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते), शॉकचा (धक्के झेलणाऱ्या दांड्याचा) कोन, शॉकमधलं तेल, पिस्टनची भोकं, बॅटरीची जागा असं जवळजवळ सगळं बदलता येतं, आणि पैसे त्याचेच असतात. १९८४ साली टीम असोसिएटेडने ॲल्युमिनियमच्या चेसिसची आरसी१० बाजारात आणली. पुढे एक्सरे, योकोमो, क्योशो, शूमाकर, टीएलआर, म्युगेन अशा कंपन्यांच्या बग्ग्या जागतिक स्पर्धांत एकमेकींशी झगडत आल्या आहेत. त्यांच्या जाहिरातीत टॉप स्पीडचा आकडा सहसा नसतो. वीस-पंचवीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर ताशी ८० किलोमीटर कधी गाठणार? वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) किती लवकर उघडता येतो, लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ त्यावर ठरते.

मॉडेलच्या नावातलं अक्षर न वाचणे

ही चूक सगळ्यांत महाग. एक्सरेच्या १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या) टू-व्हील ड्राइव्ह (दोनच चाकांना ताकद असलेल्या) बग्गीचे दोन अवतार मिळतात, एक्सबी२सी आणि एक्सबी२डी. ‘सी’ कार्पेटसाठी, ‘डी’ मातीसाठी. असोसिएटेडमध्ये बी७ आणि बी७डी असाच फरक आहे. युरोपातल्या बऱ्याच शर्यती बंद हॉलमध्ये कार्पेटवर होतात. व्हिडिओत दिसणारी, जमिनीला चिकटून वळणारी बग्गी अनेकदा त्याच कार्पेटवर असते, आणि आपण नेमकी तीच मागवतो. कार्पेटची पकड प्रचंड, म्हणून तिथे मोटर आणि गिअरबॉक्सचं वजन खाली आणि पुढे ढकललेलं असतं. हीच गाडी सुट्या मातीवर उतरवली की मागच्या चाकांवर भार कमी पडतो. थ्रॉटल दिला की ती गर्रकन फिरते. चालवणारा स्वतःला दोष देत बसतो.

आपल्याकडची माती तरी एकसारखी कुठे आहे? बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरकडे, जांभ्याची तांबडी माती. ती भिजवून रोलर फिरवला आणि ऊन लागू दिलं की वरचा थर छान घट्ट होतो. दुपार चढली की मात्र त्यावर बारीक लाल धूळ सुटते आणि सकाळची पकड दुपारी राहत नाही. उत्तरेला, चिकोडी-अथणीच्या बाजूला, काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, थोडी ओल राहिली तर ती चाकाला गोळे होऊन चिकटते. भात काढल्यावर मोकळ्या झालेल्या येळ्ळूरकडच्या शेतात ट्रॅक आखायचा म्हटलं तर ढेकळं फोडून सपाटी करण्यातच सगळा वेळ जातो. लेआउटमधल्या रिकाम्या साइटवर मुरूम असतो, आणि मुरमाइतकं टायर खाणारं दुसरं काही नाही. यातल्या कुठल्या जमिनीवर तुम्ही दर रविवारी गाडी उतरवणार आहात, हे कागदावर लिहा आणि मगच दुकानदाराला फोन करा.

क्लास ठरवण्याचं उत्तरही यातच आहे. ट्रॅक गुळगुळीत आणि घट्ट असेल तर १/१० टू-व्हील ड्राइव्ह घ्या. ती हलकी असते, सुटे भाग स्वस्त पडतात आणि थ्रॉटलवरचं बोट शिस्तीला लागतं. ट्रॅक स्वतःच बनवायचा, तोही खड्ड्या-चरांचा, अशी स्थिती असेल तर माझं मत स्पष्टपणे १/८ इलेक्ट्रिक बग्गीच्या बाजूने आहे. तिचं वजन तीन किलोच्या वर, चाकं मोठी, चारही चाकांना ताकद. ज्या चरात १/१० अडकते त्यावरून ती सरळ निघून जाते. मात्र मित्रमंडळी १/१० चालवत असतील तर एकट्याने १/८ घेऊ नका. शर्यतीला निदान चार गाड्या लागतात की! नायट्रोचा आवाज आणि धूर कितीही आवडला तरी पहिल्या गाडीसाठी तो नाद सोडा. इंधन मिळवण्यातच हंगाम जाईल.

किटच्या किमतीला गाडीची किंमत समजणे

स्पर्धेचं किट म्हणजे सुट्या भागांच्या पिशव्या आणि एक पुस्तिका. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), रेडिओ, बॅटरी, चार्जर हे सगळं वेगळं घ्यायचं. बहुतेक किटमध्ये टायरही नसतात, आणि बॉडी पारदर्शक येते, तिला आतून रंग द्यावा लागतो. किटला लागतात तेवढेच पैसे पुन्हा बाजूला ठेवा. त्यात काटकसर करायचीच असेल तर मोटरवर करा, सर्व्होवर नाही. सुस्त सर्व्होची गाडी वळणात उशिरा वळते, आणि तिथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. सर्व्हो घेताना त्याच्या दांड्याचे दातही पाहा: २५ दातांचा हॉर्न (दांड्यावर बसणारा हात) २३ दातांच्या सर्व्होवर बसत नाही.

मोटरबाबत उलटा मोह होतो. १३.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर नव्या माणसाला १/१० टू-व्हीलमध्ये पुरेशी आहे. टर्न जितके कमी तितकी मोटर तापट. ६.५ टर्नची मोटर धुळीच्या ट्रॅकवर फक्त चाकं गरगरवते आणि टायर झिजवते.

सुट्या भागांचा विचार न करणे

पुढचे आर्म (चाक धरणारे दांडे), बॉल कप, हिंज पिन (आर्म ज्यावर हलतो ती सळई), शॉक शाफ्ट, शॉक टॉवर: तुटणारे भाग ठरलेले आहेत. हे पुणे, मुंबई किंवा बंगळुरूच्या दुकानात शिल्लक असतात का, हे किट घेण्याआधी विचारा. परदेशातून एक आर्म मागवायचा तर माल, पोस्ट आणि कस्टम मिळून जो आकडा होतो तो पाहून उत्साह मावळतो. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्याने ती रस्त्याने येते. शर्यतीच्या आठवड्यात ऑर्डर देऊन उपयोग नाही.

बेळगावकरांकडे एक ताकद आहे जी फार थोड्या गावांकडे असेल. उद्यमबागेत मशिनिंग करणारी इतकी वर्कशॉप आहेत की हिंज पिन, स्पेसर, शिम (पातळ चकती), ॲल्युमिनियमचा छोटा ब्रॅकेट असं काही नमुना दिला की बनवून मिळू शकतं. पण आर्म ॲल्युमिनियमचा करून घेऊ नका. नायलॉनचा आर्म वाकतो किंवा तुटतो आणि त्याच्या आतले भाग वाचवतो. धातूचा आर्म तो धक्का थेट बल्कहेड (आर्म ज्याला जोडलेले असतात तो भाग) आणि चेसिसपर्यंत पोचवतो.

जुनी गाडी घेत असाल तर चाक धरून हलवा. आर्ममध्ये ढिलेपणा आहे का, शॉक शाफ्ट वाकलाय का, चेसिसचा खालचा भाग किती घासलाय, तेवढं बघा. आणि त्या मॉडेलचे पार्ट अजून बनतात का, तेही विचारा.

गाडी घेतल्यावर बिघडतं ते

वळणातून निघताना मागची बाजू सुटते. लगेच डिफ (डिफरेन्शियल, दोन चाकांना वेगवेगळा वेग घेऊ देणारा गिअर) उघडू नका. आधी टायर पाहा. टायरवरच्या पिनचे (उंचवट्यांचे) कोपरे गोल झाले असतील तर बाकी सगळं व्यर्थ. टायर ठीक असतील तर बॅटरी मागे सरकवा, मग मागचा टो तीन अंशांच्या आसपास आहे का पाहा. टायरसाठी पैसे आधीच बाजूला ठेवलेले असावेत. तांबड्या घट्ट मातीवर बारीक पिनचे, धूळ वाढली की उंच पिनचे, असे निदान दोन जोड हवेत. टायर रिमला नीट चिकटवलेला नसेल तर पहिल्याच उडीत निघतो. सुपरग्लू लावण्याआधी रिम आणि टायरची कड स्पिरिटने पुसून घ्या.

मोटर तापते. बोट लावून अंदाज करू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. ८० अंशांच्या वर जात असेल तर पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान करा. मोठा पिनियन लावून वेग वाढवायच्या नादात मोटरी जळतात. पिनियन आणि स्परमध्ये (त्याला जुळणाऱ्या मोठ्या दातेरी चाकामध्ये) कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधली फट) बसवा. पट्टी चुरगळून, न फाटता बाहेर आली की झालं.

उडीनंतर पोट जमिनीवर आपटतं. जानेवारीच्या गार सकाळी ठीक वाटलेलं शॉकचं तेल एप्रिलच्या दुपारी पातळ होतं. एक पायरी घट्ट तेल भरा. याउलट गाडी छोट्या खड्ड्यांवर टणाटण उडत असेल तर पातळ. हवेत नाक खाली झुकत असेल तर ती सहसा सेटिंगची चूक नसते: हवेत थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक मारला की खाली जातं. हे बोटाला शिकवावं लागतं.

धुळीने बेअरिंग कुरकुरतात. पाण्याने धुऊ नका. आधी ब्रश, मग पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर, तोही हातभर लांबून. नोझल जवळ नेलं तर धूळ बेअरिंगच्या आत जाते.

किट मागवायला सगळ्यांत चांगला काळ पावसाळ्याच्या तोंडावरचा. जूनपासून बेळगावात बाहेर ट्रॅक राहत नाही, आणि घाईत जोडलेल्या गाडीचा डिफ पहिल्या महिन्यात गळतो. त्या महिन्यांत रोज संध्याकाळी एक पिशवी उघडा. शॉकमधले बुडबुडे निघेपर्यंत तेल रात्रभर तसंच ठेवा. डिफचे शिम दोनदा तपासा. आधीपासून बॅटरी असेल तर ती पूर्ण चार्ज करून किंवा रिकामी करून ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. दसऱ्याच्या सुमारास जमीन सुकू लागते, तेव्हा रोलरवाल्याला गाठा.