एम-वन राहू नये म्हणून पहिल्या वर्षात या चुका टाळा

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त धास्ती कशाची, तर एम-वनची, म्हणजे इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सच्या पहिल्या पेपरची. बारावीला, सीईटीला गणितात चांगले मार्क पडलेल्या मुलांचाही हा विषय राहतो आणि घरी कुणालाच ते पटत नाही. मी हा विषय शिकवतो. ज्यांचा विषय राहतो त्यांच्यात हुशार मुलं भरपूर असतात. नेमकं कुठे अडलंय हे ती वेळेवर शोधत नाहीत आणि कुणाला विचारतही नाहीत, तिथेच घोटाळा होतो.

थोडा दोष सवयीचाही आहे. एमएचटी-सीईटीच्या गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, चार पर्याय आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन पर्याय खोडता आले तरी निभावून जातं. लेखी पेपरात पायऱ्या मांडाव्या लागतात आणि मार्कही पायऱ्यांना असतात. त्यामुळे उत्तर जुळत नाही म्हणून अख्खं गणित खोडून टाकू नका. पद्धत बरोबर असेल तर तेवढे मार्क तुमचे असतात.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बघितलेलं गणित आपल्याला येतं असं धरून चालणं. फळ्यावर किंवा व्हिडिओत प्रत्येक पायरी पटते. तेच गणित वही मिटून कोऱ्या कागदावर करायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीला पेन थांबेल. जिथे थांबेल तिथे खूण करून ठेवा. तुमचा खरा डाउट तो असतो.

फुरिअर सिरीजचंच घ्या, म्हणजे फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं; a₀ हा त्यातल्या स्थिर पदाचा, aₙ कोसाइनचा आणि bₙ साइनचा सहगुणक. f(x) = x हे फंक्शन −π ते π मध्ये दिलं तर ते ऑड आहे, a₀ आणि aₙ शून्य, फक्त bₙ काढायचा. हे पाठ झालेलं असतं. मग पेपरात तेच x पण ० ते 2π मध्ये येतं आणि मुलं सवयीने ‘ऑड फंक्शन, म्हणून a₀ = ०’ लिहून मोकळी होतात. a₀/2 म्हणजे त्या इंटरव्हलमधली फंक्शनची सरासरी. ० ते 2π मध्ये x सगळीकडे पॉझिटिव्ह आहे, मग सरासरी शून्य कशी येईल? ती π येते, म्हणजे a₀ = 2π. इथे aₙ शून्यच येतो, पण तो इंटिग्रेशन करून दाखवावा लागतो, आणि bₙ येतो −2/n. इंटरव्हल न वाचता ऑड-इव्हन ठरवणं ही चूक मला दर वर्षी दिसते.

एल हॉस्पिटलच्या नियमाचंही तसंच. लिमिट दिसली की लगेच वर-खाली डेरिव्हेटिव्ह. x शून्याकडे जाताना cos x / (x + 1) ची लिमिट सरळ १ आहे, नियम लावला तर ० मिळते. आधी ०/० किंवा ∞/∞ आहे का ते बघा. आयगेन व्हॅल्यू काढल्यावर त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णाच्या बेरजेएवढी आणि गुणाकार डिटरमिनंटएवढा येतो का, तेही ताडून बघा. [4 1; 2 3] (पहिली ओळ 4 1, दुसरी 2 3) च्या आयगेन व्हॅल्यू ५ आणि २: बेरीज ७, गुणाकार १०. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, अख्ख्या प्रश्नाचे मार्क वाचतात.

आता मदतीबद्दल. ट्युटोरियलला बॅच लहान असते, शिक्षक तुमच्या वहीपर्यंत येतात, आणि नेमकं तिथेच बरीच मुलं सबमिशनसाठी मित्राची असाइनमेंट उतरवत बसतात. वाईट वाटतं ते बघून. शंका विचारायला केबिनमध्ये जरूर या, पण ‘सर, फुरिअर कळत नाही’ एवढंच सांगितलं तर कुठून सुरुवात करायची ते आम्हालाही उमगत नाही. आधी स्वतः झटापट करा, तो खोडाखोड झालेला कागद घेऊन या आणि कुठल्या ओळीला अडलं ते बोट ठेवून दाखवा. मराठीत विचारलंत तरी चालतं, इंग्रजीच्या भीतीने गप्प बसू नका. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनीअरिंगची पुस्तकं मराठीतूनही मोफत मिळतात. एनपीटेलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) लेक्चर्स आहेतच, फक्त ती कागद-पेन घेऊन बघा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची अडचण वेगळी. त्यांच्यासमोर एकदम एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) येतं आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या पहिल्याच गणितात इंटिग्रेशन बाय पार्ट्स लागतं. क्लास लावण्याआधी इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शन पक्के करा. शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगा की तुम्ही डिप्लोमाचे आहात.

आणि विषय राहिलाच, तर घाईघाईत रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरू नका. विद्यापीठ उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी देत असेल तर आधी ती मागवा आणि विषयाच्या शिक्षकांसोबत बसून पानन् पान तपासा. एखादा प्रश्न तपासायचा राहून गेला आहे का, बेरीज चुकली आहे का हे त्यात दिसतंच, शिवाय मार्क कुठल्या पायरीला गेले तेही कळतं. अर्जाची मुदत फार थोडी असते, निकाल लागला त्याच दिवशी नोटीस बघा.