शासकीय अभियंत्याने पर्यावरणाच्या कामांचे नेतृत्व करायचे असेल तर

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण विभागात रुजू झाल्यावर पहिली काही वर्षे प्रत्यक्ष कामावर काढावीत. मंत्रालयाजवळची नेमणूक मिळवण्याची घाई करू नये. मोजमाप पुस्तक, म्हणजे ज्यावरून देयक ठरते ती झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही, स्वतः लिहावे. त्यात खाडाखोड चालत नाही: चुकलेला आकडा एका रेघेने छेदून, वर बरोबर आकडा लिहून, तारखेसह सही करावी लागते. हीच शिस्त पुढे कोट्यवधींच्या देयकांवर सही करताना उपयोगी पडते.

त्यानंतर कायदा मनापासून वाचावा. जल कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याची, अधिसूचना २००६ ची. या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. माझ्या मते ही मुदत केवळ जाहिरातीपुरती न वापरता, त्या काळात गावोगावी जाऊन आघात मूल्यांकनाच्या अहवालाचा मराठी सारांश समजावून सांगावा, कारण बुडित क्षेत्रातील शेतकऱ्याच्या एखाद्या प्रश्नातून आराखड्यातली उणीव वेळीच लक्षात येऊ शकते.

माधवराव चितळे यांची वाटचाल अवश्य अभ्यासावी. राज्याच्या सेवेत घडलेला हा अभियंता केंद्रीय जलसंसाधन मंत्रालयाचा सचिव झाला आणि १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्काराचा मानकरी ठरला. धरणाबरोबरच संपूर्ण खोऱ्याचा विचार करण्याची सवय कनिष्ठ पदावर असतानाच लावून घ्यावी. बदली झाली, तर नदीच्या नोंदी उत्तराधिकाऱ्याकडे नीट सोपवाव्यात.